घरी मोटारसायकल वर घेताना: मेन स्टँड, जॅक, ठोकळा आणि हाताची बोटं

चेन साफ करायची असते, मागची ट्यूब बदलायची असते, नाहीतर ब्रेक शू घासलेले असतात. काम पाऊण तासाचं, पण त्यासाठी गाडी तालुक्याला नेली की अर्धा दिवस गेलाच. गॅरेजवर गर्दी असली तर संध्याकाळचं दूध डेअरीला न्यायचं कसं, हा वेगळा प्रश्न. म्हणून खेड्यात बरीच मंडळी ही कामं घरीच, गोठ्यासमोर किंवा ओट्याजवळ उरकतात. त्यात चूक काही नाही. 100 ते 125 सीसी गाड्यांची ही कामं पाना नीट धरता येणाऱ्या माणसाला जमतात. घोटाळा होतो तो गाडी वर उचलताना, आणि त्याहून जास्त उचललेली गाडी तशीच उभी ठेवताना.

स्प्लेंडरचं वजन साधारण 112 किलो. म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या अडीच गोण्या. पल्सर 150 दीडशे किलोच्या आसपास जाते आणि क्लासिक 350 तर 195 किलो, म्हणजे चार गोण्यांच्याही वर. गोणी अंगावर पडली तर माणूस झटकून उठतो. गाडीला मात्र फूटरेस्ट आहे, लिव्हर आहे, तापलेला सायलेन्सर आहे आणि टाकीत पेट्रोल आहे.

जागा कोणती

शेणाने सारवलेलं अंगण, भुसभुशीत माती, ओला मुरूम, खडी या जागा कामाच्या नाहीत. मेन स्टँडचे दोन पाय म्हणजे दोन लहान टोकं, सगळं वजन त्यांच्यावर येतं. एक पाय बोटभर खचला तरी गाडी त्या बाजूला कलते, आणि ते लगेच होत नाही. पाना जोरात मारल्यावर होतं. सिमेंटचा ओटा किंवा कोबा असेल तर उत्तम. नसेल तर एक रुंद, जाड फळी घ्यावी, जिच्यावर स्टँडचे दोन्ही पाय एकत्र बसतील. दोन पायांखाली दोन वेगवेगळ्या विटा ठेवायच्या नाहीत. शहाबादी फरशी चालते, पण खाली पोकळ जागा राहिली तर ती मधोमध तडकते.

जागा सपाट हवी. थोडा उतार टळत नसेल तर गाडीचं तोंड चढाच्या बाजूला करावं. गाडी मेन स्टँडवरून उतरते ती पुढे ढकलली गेल्यावर. तोंड उताराकडे असेल तर नट सोडताना बसणारा एक हिसका तिला खाली आणायला पुरतो.

काम सुरू करण्याआधी दुधाच्या किटल्या, त्या अडकवायचे हूक, कॅरिअरवरचं ओझं सगळं उतरवून ठेवावं. एका बाजूला किटली राहिली तर गाडी त्या बाजूला ओढते. लहान पोरं आणि सुटी जनावरं लांब. स्टँडवर उभी गाडी दिसली की पोरं चाक फिरवायला धावतातच, आणि फिरत्या चाकाच्या तारांत बोट जायला वेळ लागत नाही.

चपलेवर हे काम करू नये. स्टँडच्या दांडीवरून चप्पल सटकते आणि दांडी नडगीवर बसते. ज्यांना एकदा बसली त्यांना सांगावं लागत नाही. पायात बूट असावेत, खांद्यावरचा टॉवेल आणि उपरणं बाजूला ठेवावं, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून खिशात टाकावं.

मेन स्टँड: जोर पायाचा, हाताचा नाही

गाडी वर घ्यायचं सगळ्यात भरवशाचं साधन गाडीसोबतच आलेलं असतं. तरीही कित्येक जण मेन स्टँड लावताना मागचा भाग हाताने उचलायला जातात आणि कंबर धरून बसतात. मेन स्टँड हा तरफेचा खेळ आहे. पहारीने दगड हलवतो तसाच.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून डाव्या बाजूला उभं राहावं. डावा हात हँडलच्या मुठीवर, हँडल सरळ. उजवा हात मागच्या लोखंडी पकडीवर किंवा कॅरिअरच्या पट्टीवर. सीट, इंडिकेटर किंवा प्लॅस्टिकचा पॅनल धरायचा नाही, ते हातात येतं. उजव्या पायाने स्टँडची दांडी खाली दाबायची, दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत. आता गाडी जराशी इकडे-तिकडे हलवून बघायची. दोन्ही पाय सारखे टेकले की हाताला ते कळतं. एकच पाय टेकलेला असताना जोर दिला तर गाडी तिरपी वर येते आणि पलीकडे जाते. बहुतेक गाड्या पडतात त्या याच क्षणी, आणि उजव्या बाजूला पडतात, कारण तिकडे धरायला कोणी नसतं.

दोन्ही पाय टेकल्याची खात्री झाली की अंगाचं सगळं वजन त्या दांडीवर टाकायचं, जणू जिन्याची पायरी चढतोय. हाताने फक्त मागे आणि वर दिशा द्यायची. जड गाडी असेल, किंवा लावणारा अंगाने हलका असेल, तर मागच्या चाकाखाली इंचभर जाडीची फळी ठेवून चाक तिच्यावर चढवावं आणि मग स्टँड लावावा. गाडी आधीच तेवढी वर आल्याने जोर बराच कमी लागतो. स्टँडचे पाय मात्र त्या फळीच्या बाहेर, पक्क्या जमिनीवरच टेकले पाहिजेत.

खाली उतरवताना आधी साईड स्टँड उघडून ठेवावा. गाडी पुढे सरकली आणि तोल गेला तर तोच आधार होतो. मग गाडी हळू पुढे ढकलायची आणि मागचं चाक टेकताच पुढचा ब्रेक दाबायचा. मागे दुसरा माणूस असेल तर चांगलंच.

नट आधी सैल, गाडी नंतर वर

चाक काढायचं असेल तर एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यावा. हा नट घट्ट असतो, कधी गंजलेला असतो, पान्यावर पाईप घालून जोर द्यावा लागतो. तेवढा जोर स्टँडवरच्या गाडीला दिला तर गाडी स्टँडवरून खाली येते. म्हणून चाकं जमिनीवर, गाडी साईड स्टँडवर, कोणीतरी धरून उभं, आणि मग नट फक्त एक-दीड आटा सैल करायचा. पूर्ण काढायचा नाही. नटाला स्प्लिट पिन असेल तर ती आधी काढायची आणि बसवताना नवी लावायची. बाकीचं काम गाडी वर घेतल्यावर.

जोडतानाही तसंच. चाक बसवून नट हाताने लावायचा, गाडी खाली घ्यायची आणि शेवटचा आवळ जमिनीवर द्यायचा.

पुढचं चाक काढायचं तर

मेन स्टँडवर बहुतेक गाड्यांचं मागचं चाक हवेत राहतं आणि पुढचं टेकलेलं. पुढचं चाक वर घ्यायला गावात एक जुना उपाय आहे, मागच्या सीटवर धान्याचं पोतं टाकायचं. गाडी मागे झुकते, पुढचं चाक उचललं जातं. चालतं हे. पण पुढचं चाक काढून ठेवलेलं असताना कोणी न विचारता ते पोतं उचललं, तर फोर्क थेट जमिनीवर येतात. घरात चार माणसं वावरत असतील तर पोत्यावर भरवसा ठेवू नये.

त्यापेक्षा इंजिनाच्या खालून आधार द्यावा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत इंजिनाखालून फ्रेमचे दोन पाईप जातात. त्या दोन्ही पाईपांना आडवा बसेल असा लाकडी ठोकळा आणि त्याखाली जॅक. काही गाड्यांत खाली पाईपच नसतो, इंजिन उघडंच लटकलेलं असतं. तिथे रुंद लाकूड लावून जॅक अगदी बेताने फिरवायचा. चाकाखालून कागद सरकला की बास. खालचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं, जास्त जोर आला तर तडा जातो. ऑईल सोडायचा बोल्ट, सायलेन्सरचा बाक आणि इंजिनाच्या पात्या यांना जॅक लावू नये.

जॅक कोणता? ट्रॅक्टर-ट्रॉलीचा बॉटल जॅक घरात असतो, पण तो बंद असतानाच जवळपास वीतभर उंच असतो. स्प्लेंडरच्या खाली मोकळी जागा 165 मिमी. त्यात लाकूड ठेवलं की जॅक शिरतच नाही. मग लोक जॅक तिरपा घालतात, आणि तिरपा घातलेला जॅक सटकतोच. कारचा कैची जॅक बुटका असतो, दुचाकीला तो बरा.

दुसरं म्हणजे, हायड्रॉलिक जॅकचं सील जुनं झालं की तो हळूहळू खाली बसतो. डोळ्यांना दिसत नाही, चहा पिऊन येईपर्यंत अंगठाभर उतरलेला असतो. म्हणून जॅकचं काम उचलण्यापुरतं. उचलल्यावर शेजारी लाकडी ठोकळा सरकवून वजन त्याच्यावर घ्यावं. बाभळीचा ठोकळा सगळ्यात चांगला. सिमेंटचा पोकळ ब्लॉक अचानक फुटतो, वीट चिरते. चिरेपर्यंत काही कळत नाही.

मेन स्टँडच नसेल तर

एनएस 200, ड्यूक अशा गाड्या पोरांच्या हातात आता खेड्यातही आहेत आणि त्यांना मेन स्टँड येत नाही. त्यांच्यासाठी मागच्या बाजूने लावायचा पॅडॉक स्टँड मिळतो. वेल्डिंगवालाही चौकोनी पाईपचा बनवून देतो, पण त्याची रुंदी त्या गाडीचं माप घेऊनच करावी. हा स्टँड लावताना पहिल्या काही वेळा तरी दोन माणसं हवीत, एक गाडी सरळ धरायला आणि दुसरा मागून दाबायला. एकट्याने करायला गेलं की एक हात गाडीवर, एक स्टँडवर, आणि लक्ष दोन्हीकडे नाही.

स्टँड नसेल आणि फक्त चेनला तेल द्यायचं असेल तर वर घ्यायची गरजच नाही. गाडी साईड स्टँडवर ठेवून हातभर पुढे ढकलायची, समोर आलेल्या चेनला तेल द्यायचं, पुन्हा ढकलायची. वेळ लागतो पण धोका जवळपास नाही.

मागचं चाक वर घ्यावंच लागलं तर आणखी एक पद्धत आहे. गाडी साईड स्टँडवर डावीकडे कललेली असते. उजव्या बाजूला मागच्या चाकाला धरणाऱ्या आडव्या दांड्याखाली, म्हणजे स्विंगआर्मखाली, भक्कम टेकू द्यायचा. मग पुढचं चाक, साईड स्टँड आणि टेकू अशा तीन पायांवर गाडी उभी राहते. या वेळी गाडी गिअरमध्ये टाकून काही फायदा नाही, कारण मागचं चाकच हवेत आहे. पुढचा ब्रेक बांधायला हवा. जुन्या ट्यूबची पट्टी कापून ब्रेकचा लिव्हर मुठीला आवळून बांधला की पुढचं चाक हलत नाही, आणि पुढच्या-मागच्या बाजूला एकेक दगड लावायचा. या पद्धतीत चेनला तेल देणं, चाक फिरवून बघणं एवढंच करावं. चाक काढणं, हातोडा मारणं नको.

झाडाला दोर टाकून गाडी टांगणारेही आहेत. विहिरीतली मोटार काढायची चेनपुली घरात असली की तो मोह होतोच. दोर मुठीला बांधला तर हँडल फिरतं, केबली आणि ब्रेकचा पाईप ताणला जातो. पत्र्याच्या शेडचा पाईप हे वजन धरण्यासाठी बसवलेला नसतो. दोर वापरायचाच असेल तर पक्क्या तुळईवरून, हँडलखालच्या जाड लोखंडी भागाला, ज्याला मेकॅनिक टी म्हणतात, बांधावा. आणि तोही गाडी कलू नये एवढ्यासाठी. वजन खालच्या ठोकळ्यावरच असावं.

गाडी आडवी पाडून काम करायची पद्धत तर बंदच करावी. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं, जुन्या बॅटरीतलं ॲसिड सांडतं, इंजिनातलं ऑईल नको तिथे जातं. त्यात शेजारी कोणी बिडी पेटवून गप्पा मारायला बसलेला असतो.

चेन आणि चालू इंजिन

या सगळ्या कामात कायमचं नुकसान करणारी चूक एकच आहे आणि ती करणारे नवखे नसतात. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, चेन आपोआप फिरतेय आणि एका हातात फडकं. काम दोन मिनिटांत होतं. शंभरदा केलं तरी काही होत नाही. एकदा फडक्याचा धागा चक्राच्या दातात अडकतो आणि फडक्यामागून बोट जातं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. बोटाचं पेर गेलेला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शिवाय चालू इंजिनाच्या थरथरीने गाडी स्टँडवर सरकते. गिअर पडलेला असताना चाक जमिनीला टेकलं तर गाडी स्टँडवरून उडी घेऊन पुढे जाते, समोर भिंत असो की माणूस.

त्यामुळे चेनला हात लावायच्या आधी इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि चावी काढून स्वतःच्या खिशात. गाडीलाच चावी राहिली तर कोणीतरी मदत म्हणून बटण दाबतो. चाक हाताने फिरवायचं, आणि तेही उलट्या दिशेने. चाक पुढच्या दिशेने फिरलं की खालची चेन मागच्या चक्राच्या दातांत शिरते, म्हणजे फडकं आणि बोट दोन्ही आत ओढले जातात. उलट फिरवलं की खालची चेन चक्रातून बाहेर पडत पुढे जाते. फडकं खालच्या चेनवर मधोमध धरावं. चाक फिरवणारा आणि चेन पुसणारा माणूस एकच असावा. दोघे असले की एकाचं लक्ष गेलं आणि दुसऱ्याने फिरवलं असं होतं.

चेन धुवायला रॉकेल मिळालं तर ते, नाहीतर डिझेल. पेट्रोल नको. सुकल्यावर 90 नंबरचं गिअर ऑईल ब्रशने लावून वरचं पुसून घ्यावं. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर रोज चिखलातून जाणाऱ्या गाडीला हे वरचेवर लागतं. पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाडीत रबरी बूच काढून चेनचा ढिलेपणा बघता येतो. 100-125 सीसी गाड्यांत तो साधारण 2 ते 3 सेंटीमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चेन आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरपं बसतं.

बोट अडकलंच तर चाक जोरात ओढू नये, सावकाश उलट फिरवून सोडवावं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, तंबाखू, डिझेल काही लावू नये. पेर तुटून पडलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं, तोंड बांधावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचा नाही. 108 ला फोन करून लगेच निघावं. नीट नेलेला तुकडा जोडता येण्याची शक्यता असते. कोरड्या रुमालात बांधून दुसऱ्या दिवशी नेलेला जोडता येत नाही.

गाडी पडायला लागली तर

धरायला जाऊ नये, बाजूला व्हावं. इंडिकेटर आणि आरसा दुकानात मिळतो. पडत्या गाडीखाली पाय घालून ती अडवायचा प्रयत्न अंगात भिनलेला असतो, तो मोडावा लागतो.

पडलेली गाडी उचलताना आधी चावी बंद, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही. पेट्रोलचा वास येत असेल तर थोडं थांबावं. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा साईड स्टँड आधीच उघडून ठेवावा, म्हणजे वर आल्यावर ती पलीकडे पडणार नाही. जमल्यास गिअर टाकावा, म्हणजे चाक घसरत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवायचा, हँडल जमिनीकडे पूर्ण वळवून एका हाताने त्याची खालची मूठ धरायची, दुसऱ्या हाताने मागची लोखंडी पकड. गुडघे वाकलेले, पाठ ताठ. आणि लहान-लहान पावलं मागे टाकत जायचं. जोर मांड्यांचा लागतो, कंबरेचा नाही. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, त्या बाजूने उचलताना पिंढरी जपावी.

उभी केल्यावर ऑईल आणि पेट्रोल गळतंय का, लिव्हर वाकलाय का हे बघून काही मिनिटांनी गाडी चालू करावी.

स्टँडची स्वतःची तब्येत

मेन स्टँडकडे कोणी लक्ष देत नाही. त्याची स्प्रिंग ढिली झाली की स्टँड रस्त्याला घासत जातो, आणि स्पीडब्रेकरवर तो अडकला तर गाडी आदळते. बिजागरीचा बोल्ट आणि बुश झिजले की गाडी स्टँडवर डुलते. पाय खालून झिजले की मागचं चाक जमिनीला लागायला लागतं. अशा वेळी वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही पायांना सारख्या जाडीची पत्ती मारून घ्यावी. एकाच पायाला मारली तर गाडी कायमची तिरपी उभी राहील. बिजागरीला ग्रीस दिल्यावर स्टँड लावायला लागणारा जोरही कमी होतो.

काम संपल्यावर गाडीवर बसण्याआधी मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून बघावा. चाक काढलं की ब्रेकचा रॉड सुटलेला असतो, आणि तो परत लावायचा राहिला तर ते पहिल्या वळणावरच कळतं. गल्लीत हळू एक फेरी मारून ब्रेक लागतो का हे बघावं. मग किलोमीटरभर गेल्यावर थांबून एक्सलचा नट पुन्हा एकदा पान्याने तपासावा.